पडक्या गडाचे गाणे

'कोजो नो त्सुकी' म्हणजे उजाड गडावरचा चंद्र. हे जपानी गीत १९०१ साली टोकियोच्या संगीत विद्यालयाने काढलेल्या शालेय गीतसंग्रहात आले. शब्द दोई बान्सुई यांचे, चाल विशीतल्या रेन्तारो ताकीची.

कडवी चारच. पहिल्यात वसंतातली मेजवानी रंगली आहे आणि फिरत्या प्याल्यांत चंद्र उतरला आहे. दुसऱ्यात शरदातली छावणी, दहिवर, तलवारींची लखलख. तिसऱ्यात माणसेच नाहीत. तटावर वेली आहेत आणि झाडांतून वारा वाहतो आहे. चौथ्यात कवी वर पाहतो, तर चंद्र तोच! या साऱ्यात गडाचे नाव नाही, राजाचे नाही, लढाईचे नाही. दोईंच्या डोळ्यांपुढे सेंदाई आणि आइझूचे किल्ले होते. ताकीने चाल बांधली ती ताकेता गावावरचा ओका किल्ला मनात ठेवून. कवीने नाव गाळले, म्हणूनच संगीतकाराला तिथे आपला गड दिसला.

ओका आहे ३२५ मीटर उंचीच्या डोंगरावर. बालेकिल्ल्यापर्यंत दगडी तट शाबूत आहेत, वर वास्तू मात्र एकही नाही. पाहणाऱ्याला हे पडझडीचे अवशेष फार जुने वाटतात. ते तसे नाहीत. १५८६ साली चालून आलेल्या शिमाझू घराण्याच्या फौजेलाही हा गड घेता आला नव्हता. तो ओस पडला जपानच्या मेइजी सरकारच्या धोरणामुळे. १८७१ साली संस्थाने खालसा झाली आणि १८७४ साली इथल्या इमारती पाडल्या गेल्या. ताकी कुमारवयात ताकेतात राहिला, तेव्हा या घटनेला जेमतेम वीस वर्षे झाली होती. गीतातली हळहळ पुराणकाळाची नाही, ती कालपरवाची आहे.

चालीतही ही बोच आहे. पहिल्याच ओळीच्या शेवटी, मेजवानीच्या शब्दावर, ताकी पंचमावरून तीव्र मध्यमाला स्पर्श करून पुन्हा पंचमावर येतो. ऐन आनंदात सूर क्षणभर कातर होतो. पुढच्या कडव्यांतले उजाडपण इथेच कानावर येते. पुढे संगीतकार कोसाकू यामादांनी तो मध्यम शुद्ध केला, लय संथ केली आणि आठ मात्राखंडांचे सोळा केले. गाणे भारदस्त झाले, पण बोच गेली.

ताकी १९०३ साली, तेविसाव्या वर्षी क्षयाने गेला. यामादांचे रूप सहज ऐकायला मिळते. पण रसिकांनी आधी ताकीची मूळ चाल ऐकावी. खरा ओका किल्ला त्या एका तीव्र मध्यमात आहे.