प्रकरणाचे चित्र आणि वाचकाचा अर्थ : रसिकचित्रस्पर्धेच्या निकषांचा विचार

अद्भुतकादंबरीतील एखादे प्रकरण नेमून द्यावयाचे, त्यावर वाचकांकडून चित्रे मागवावयाची आणि त्यांतील उत्तम चित्रास पारितोषिक द्यावयाचे, ही प्रथा इंग्रजी वाचकवर्गात आता चांगलीच रुळलेली आहे. या चित्रांना तिकडे ‘फॅन आर्ट’ म्हणतात. मराठीत त्यांस ‘रसिकचित्रे’ म्हणावयास हरकत नसावी. हौशी मंडळींचा फावल्या वेळचा उद्योग, एवढ्यापुरतीच त्यांची दखल घेण्याचा विद्वानांचा प्रघात आहे. वस्तुतः रसिकचित्र हे संहितेचे एक वाचन असते. परीक्षक जेव्हा एका चित्रास दुसऱ्याहून सरस ठरवितो, तेव्हा तो रेखा आणि रंग यांजबरोबरच एका अर्थनिर्णयावरही आपला शिक्का मारीत असतो. हा निर्णय कोणत्या निकषावर व्हावा? ‘मूळ संहितेशी इमान’ हे उत्तर सामान्यतः पुढे केले जाते. परंतु हे इमान म्हणजे नेमके काय, याची फोड क्वचितच केली जाते. ती करण्यास जे. आर. आर. टोल्कीन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झालेली, ६२ प्रकरणांची कादंबरी विशेष सोयीची आहे. कारण वाचकांनी सर्वांत अधिक चित्रित केलेल्या कादंबऱ्यांत तिची गणना होते, आणि तिच्या कर्त्याने चित्रणाविषयी आपले मतही नोंदवून ठेवले आहे.

रसिकचित्रांची परंपरा अलीकडची नाही. डच चित्रकार कोर ब्लोक यांनी १९५८ नंतरच्या काही वर्षांत या कादंबरीवर शंभराहून अधिक चित्रे काढली. आकृती सपाट, पार्श्वभूमी जवळजवळ नाही, तपशील अगदी मोजका, अशी त्यांची शैली होती. डेन्मार्कच्या तत्कालीन युवराज्ञी मार्ग्रेथे यांनी १९७० मध्ये आपली चित्रे खुद्द टोल्कीन यांस पाठविली. पुढे एरिक फ्रेझर यांनी ती नव्याने रेखाटली आणि १९७७ मध्ये ‘इंगाहिल्ड ग्राथमर’ या टोपणनावाने ती इंग्रजी आवृत्तीत प्रसिद्ध झाली. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांसाठी दिल्या जाणाऱ्या ह्यूगो पारितोषिकांत १९६७ पासून हौशी चित्रकारासाठी स्वतंत्र विभाग आहे. त्या पहिल्याच वर्षी जॅक गॉन यांना हौशी आणि व्यावसायिक असे दोन्ही विभागांतील मान मिळाले. हौशी आणि व्यावसायिक यांमधील सीमारेषा आरंभापासूनच किती अंधुक होती, हे यावरून ध्यानी येते.

टोल्कीन यांचा आक्षेप मात्र हौशीपणावर नव्हता. तो चित्रणावरच होता. परीकथांविषयी त्यांनी १९३९ मध्ये सेंट अँड्रूज येथे दिलेले व्याख्यान १९४७ मध्ये निबंधरूपाने छापले गेले. चित्रे स्वतः कितीही चांगली असली तरी परीकथेचे त्यांनी फारसे भले होत नाही, असे त्यात प्रतिपादन आहे. चित्र एकच रूप डोळ्यांपुढे ठेवते. शब्द मात्र सामान्याचा निर्देश करतो आणि प्रत्येक श्रोता त्याला आपल्या अनुभवातले रूप देतो. कथेत टेकडी म्हटली की ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या मनात त्याची स्वतःची टेकडी उभी राहते. आपल्या काव्यशास्त्रातील साधारणीकरणाच्या विचाराशी या मताचे काहीसे नाते लागते. फरक इतकाच की तेथे विशेषाकडून सामान्याकडे जाण्याची क्रिया वर्णिली आहे, आणि येथे सामान्याने जागविलेल्या वैयक्तिक विशेषास महत्त्व आहे. यावर कोणी म्हणेल की, याच लेखकाने १९३७ च्या ‘द हॉबिट’साठी स्वतः चित्रे काढली, ती कशी? परंतु ती चित्रे पाहिली असता विसंगतीचा आरोप बराच सौम्य होतो. त्यांत बहुतेक स्थळचित्रे आहेत. पात्रे क्वचित दिसतात, आणि दिसली तरी लहान. चेहरा वाचकाकडेच राहिला आहे.

या आक्षेपाचा आदर राखून स्पर्धेचा निकष बांधावयाचा, तर संहितेतील आशयाचे तीन विभाग करणे आवश्यक आहे : उक्त, सूचित आणि अनुक्त. हॉबिटांच्या पायांवर दाट केस असतात, हे कादंबरीच्या प्रास्ताविकात स्पष्ट सांगितले आहे. ते उक्त होय. चित्रकाराने त्यांस बूट घातले तर त्याने कारण दाखविले पाहिजे. उलट, एल्फ जमातीच्या कानांचा आकार या कादंबरीत कोठेही सांगितलेला नाही. लेगोलसच्या केसांचा रंगही नाही. हे अनुक्त होय. टोकदार कान आणि सोनेरी केस न रंगविणाऱ्या स्पर्धकास ‘मुळाशी बेइमान’ ठरविणारा परीक्षक मूळ संहितेचा आधार घेत नसतो, तर आधीच्या चित्रांचा आणि चित्रपटांचा घेत असतो. रूढी आणि संहिता यांची ही गल्लत अशा स्पर्धांतील सर्वांत मोठा दोष मानावी लागेल.

खरी कसोटी मात्र सूचिताच्या क्षेत्रात लागते. दुसऱ्या पुस्तकातील पाचवे प्रकरण, खझद-दूमच्या पुलाचे, हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. पुलावर गँडाल्फसमोर बॅलरॉग उभा राहतो, तेव्हा त्याच्याभोवतीची छाया दोन प्रचंड पंखांसारखी पसरली, असे प्रथम वर्णन येते. येथे उपमेय आहे, उपमान आहे, साम्यवाचक शब्दही आहे. उपमा निःसंशय आहे. थोड्याच ओळींनंतर त्याचे पंख या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरले, असे सांगितले जाते. आता छायेचा उल्लेख नाही आणि साम्यवाचक शब्दही नाही. बॅलरॉगला पंख होते की नव्हते, हा वाचकांतील जुना वाद या दोन वाक्यांवरच उभा आहे. मम्मटाच्या परिभाषेत दुसऱ्या वाक्याचा अर्थ निगीर्याध्यवसानाने, म्हणजे अतिशयोक्ती मानून लावता येतो : उपमानाने उपमेय गिळून टाकले आहे, पंख म्हणजे तीच छाया. पूल तुटताच तो प्राणी उडत नाही, कोसळतो, ही घटनाही या पक्षास अनुकूल आहे. याउलट, दुसरे वाक्य वाच्यार्थानेच घ्यावे, आणि पहिल्या वाक्यातील साम्य हे अंधारातील अपुऱ्या दर्शनाचे द्योतक समजावे, असेही म्हणता येते. व्याकरण दोन्ही पक्षांस वाट देते.

भाषेजवळ ‘जणू’ हा शब्द आहे. चित्राजवळ तो नाही. चित्रकाराला पंख काढावे लागतात किंवा टाळावे लागतात. म्हणूनच या प्रकरणावरील चित्रांची तुलना उद्बोधक ठरते. ज्याने वटवाघळाचे पंख शिरांसकट रेखाटले, त्याने संदेह मिटवून टाकला. ज्याने निव्वळ धूर रंगविला, त्यानेही तेच केले, फक्त उलट दिशेने. ज्याच्या चित्रात छायेची कड कोठे संपते आणि पंखाची कोठे सुरू होते हे सांगता येत नाही, त्याने ‘जणू’ या शब्दाचा चित्रातील पर्याय शोधला, असे म्हणावे लागेल. कसब समान असता हे तिसरे वाचन वरचे ठरावे. कारण संहितेतील संदिग्धता हा तिचा दोष नसून तो भयाचा विभाव आहे.

प्रकरण हे एकक का, याचाही विचार येथे करावयास हवा. लेसिंगने १७६६ च्या ‘लाओकोऑन’मध्ये चित्रकलेस एकच क्षण उपलब्ध असतो, म्हणून मागचे व पुढचे सुचविणारा क्षण तिने निवडावा, असा सिद्धांत मांडला. संपूर्ण कादंबरीवर चित्र मागविले तर स्पर्धक सर्वपरिचित प्रसंगांकडे धावतो. प्रकरण नेमून दिले म्हणजे निवड अरुंद होते आणि म्हणूनच अर्थपूर्ण ठरते. वरील प्रकरणात बहुतेकांची दृष्टी पुलावर जाते. टोल्कीन यांनी स्वतः या प्रकरणासाठी काय तयार केले होते? पूल नव्हे, बॅलरॉगही नव्हे. प्रकरणाच्या आरंभी गँडाल्फ जो फाटका, अर्धवट जळालेला ग्रंथ वाचतो, त्याची तीन पाने त्यांनी लिपीसह, डाग आणि जळक्या कडांसह सिद्ध केली होती. छपाईचा खर्च फार पडत असल्याने पहिल्या आवृत्तीत ती येऊ शकली नाहीत. चित्रणाविरुद्ध बोलणाऱ्या लेखकाची ही निवड त्याच्या सिद्धांताशी पूर्ण सुसंगत आहे. हे पात्राचे चित्र नाही. पात्राने हाती धरलेली वस्तूच वाचकाच्या हाती दिली आहे. एखाद्या स्पर्धकाने पूल सोडून या पानांकडे वळण्याचे धाडस केले, तर परीक्षकाने त्यास ‘प्रसंग निवडण्यात चूक’ असा शेरा मारण्यापूर्वी हे स्मरणे इष्ट होईल.

२००१ ते २००३ या काळातील चित्रपटत्रयीनंतर हा प्रश्न अधिक बिकट झाला. अ‍ॅलन ली आणि जॉन हाऊ या दोन चित्रकारांनी तिच्या दृश्यरचनेस आधार दिला, आणि त्यांच्या कल्पनेतील रूपे असंख्य वाचकांची स्मृती होऊन बसली. ती रूपे सुंदर आहेत, हेच त्यांच्या वर्चस्वाचे कारण. आज चित्रे निर्माण करणारी यंत्रेही उपलब्ध आहेत. प्रचलित चित्रांच्या साठ्यावरच ती घडविलेली असल्यामुळे रूढ रूपाकडे त्यांचा ओढा असावा, हे स्वाभाविक आहे. यंत्रनिर्मित चित्रे वगळण्याचा नियम म्हणूनच केवळ श्रमाच्या न्यायावर उभा करू नये. स्पर्धेचा हेतू वाचन हा असेल, तर जेथे वाचनच घडलेले नाही तेथे परीक्षणाला विषय उरत नाही, हे त्याचे अधिक पक्के समर्थन होय.

यातून काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात. स्पर्धकाने चित्रासोबत प्रकरणातील ज्या ओळींवर ते आधारले आहे त्यांचा निर्देश करावा. मात्र त्या टिपणास गुण देऊ नयेत, अन्यथा चित्राऐवजी निबंधाची स्पर्धा होईल. परीक्षकांनी उक्ताशी विरोध, सूचिताचे वाचन आणि अनुक्तातील स्वातंत्र्य यांचे गुण वेगळे ठेवावेत. केवळ बहुमताने निकाल लावणे टाळावे. परिचित रूपास मत देणे सर्वांत सोपे असते. या अटींमुळे स्पर्धकांची संख्या कदाचित घटेल, आणि आनंदासाठी चित्र काढणाऱ्यावर शास्त्राचे ओझे लादले, अशी तक्रारही होईल. ती अगदीच निराधार नाही. परंतु ही बंधने परीक्षकावर आहेत, चित्रकारावर नव्हेत. वाचकाच्या मनातील टेकडी वेगळी असू शकते, हे मान्य करण्याची जबाबदारी, जो निकाल देतो त्याचीच आहे.