खरं सांगावं की नाही? : आमचे तीन सिनेमे

या वेळी आवडत्या सिनेमांवर बोला, असा आग्रह झाला. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. सिनेमे पाहिले ते सांगली-साताऱ्याच्या थेटरांत, पुढच्या स्वस्त बाकांवर बसून. तेव्हा हे एका शौकिनाचं बोलणं समजा. तीन सिनेमे घेतो. तिघांची जात वेगळी, पण प्रश्न एकच : खरं सांगावं की नाही?

पहिला 'पिंजरा', १९७२ सालचा, व्ही. शांतारामांचा. आदर्श मास्तर तमाशातल्या चंद्रकलेच्या नादी लागतो. पुढे दुसऱ्याच माणसाचं प्रेत मास्तरांचं म्हणून गावाला दाखवलं जातं आणि गाव त्यांचा पुतळा उभारतं. शेवटी मास्तर स्वतःच्याच खुनाची शिक्षा पत्करतो, पण पुतळ्याला धक्का लागू देत नाही. 'द ब्ल्यू एंजल' या १९३०च्या जर्मन चित्रपटाशी याचं नातं सांगतात. तिथला प्राध्यापक रसातळाला जातो आणि संपतो; आपल्याकडे मागे पुतळा उरतो. विशीत आम्ही हा सिनेमा पाहून रडलो. आज विचारावंसं वाटतं, गावाला पुतळ्याची गरज होती की खऱ्याची? लोक खरं पचवू शकणार नाहीत, हे मास्तरांनी परस्पर ठरवलं. त्या त्यागात थोडा अहंकारही आहे.

दुसरा 'सामना', १९७५. लेखन तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. गंमत बघा, इथेही मास्तर डॉ. लागूच. त्यांचा जन्म साताऱ्याचा, त्यामुळे आम्हांला जरा जास्तच जवळचे. पण हा मास्तर दारुडा, विस्कटलेला. साखर कारखानदार हिंदुराव धोंडे पाटलांच्या घरी राहतो, त्यांचंच खातो आणि मारुती कांबळेचं काय झालं म्हणून विचारत सुटतो. निळू फुल्यांचा हिंदुराव निव्वळ खलनायक नाही. त्यानं गावात कामं केली आहेत, म्हणूनच प्रश्न अवघड होतो. आमच्या ऊसपट्ट्यात हा सिनेमा बघताना थेटर गप्प झालं होतं, हे आम्हांला आठवतं.

तिसरा 'अशी ही बनवाबनवी', १९८८. पुण्यात खोली मिळावी म्हणून दोन पुरुष बायका बनतात. खुनी जरी दारात येऊन मित्राचा पत्ता विचारू लागला तरी खोटं बोलू नये, असं कांटनं १७९७ साली लिहिलं. वर्गात हे शिकवताना आम्ही धनंजय मान्यांचं उदाहरण द्यायचो. पोरं हसायची आणि मग आपणहून वाद घालायची. फसवणुकीतून जुळलेल्या प्रेमाचा हिशेब सिनेमा झटपट उरकतो, हे खरं. पण डोक्यावर छप्पर नसलेल्याचं खोटं आणि सत्ताधाऱ्याचं खोटं एकाच तराजूत तोलता येत नाही, एवढं तो हसत हसत सांगून जातो.

आता आमचं. नोकरीत असताना एका चौकशी समितीवर आम्ही होतो. एका कनिष्ठ कर्मचाऱ्यावर दोष ढकलला गेला. आम्हांला ठाऊक होतं, तरी सही केली. संस्थेचं नाव राहावं म्हणून, असं मनाला समजावलं. म्हणजे पुतळाच जपला की! 'सामना' वर्गात शिकवणारे आम्ही, वेळ आली तेव्हा 'पिंजऱ्या'तले मास्तर झालो. बरं, त्या मास्तरानं शिक्षा तरी स्वतः भोगली. आमची दुसऱ्यानं भोगली.

म्हणून तिन्हींत 'सामना' वरचा मानतो. तो पाहून झाल्यावर स्वतःला चांगलं समजून घरी जाता येत नाही. असो. आता तुम्ही विचारा.