शब्दबळ आणि दुखणे सांगणारे शब्द

नॉर्मन लुईस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हे पुस्तक अमेरिकेत १९४९ साली प्रथम प्रसिद्ध झाले आणि १९७८ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली. आपल्याकडे स्पर्धापरीक्षांना बसणाऱ्या, परदेशातील नोकरीची वाट पाहणाऱ्या आणि मुलांच्या इंग्रजीची काळजी वाहणाऱ्या घरांत ते हमखास सापडते. मुंबईच्या पदपथांवरील विक्रेत्यांच्या ढिगाऱ्यातही ते वर्षानुवर्षे आपली जागा राखून आहे. इतक्या घरांत पोहोचलेल्या पुस्तकाची समीक्षा मात्र सहसा कोणी करीत नाही. पाठ्यपुस्तकाला साहित्यकृतीचा मान नसतो, हे त्याचे कारण असावे. परंतु जे पुस्तक माणसाच्या तोंडी शब्द घालते त्याची चिकित्सा कथा-कवितेइतक्याच आस्थेने व्हावयास हवी, असे आम्हांला वाटते.

लुईस यांचे श्रेय प्रथम नोंदविले पाहिजे. शब्दांची वर्णानुक्रमे यादी घोकण्याची वाईट खोड त्यांनी मोडली. एक कल्पना घ्यावी, तिच्याभोवती दहाएक शब्द गोळा करावेत, त्यांच्या पोटातील ग्रीक वा लॅटिन धातू उकलून दाखवावा आणि त्या धातूपासून निघालेली इतर भावंडे वाचकाने स्वतः ओळखावीत, अशी त्यांची रीत आहे. ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ आणि ‘पायडॉस’ म्हणजे मूल, हे कळले की ऑर्थोपेडिक हा शब्द मुळात मुलांची वेडीवाकडी हाडे सरळ करण्याविषयीचा होता, हे ध्यानी येते. आणि पीडिअॅट्रिशन हा शब्द मग पाठ करावा लागत नाही. एका किल्लीने दहा कुलुपे उघडण्याचा हा आनंद खरा आहे.

किल्लीचा विषय निघालाच आहे, तर लुईस यांच्या अमेरिकन वाचकाला जे वैभव ठाऊक नव्हते ते आपल्या घरांत आहे, हेही येथे सांगावयास हवे. मराठीतील चावी पोर्तुगीज ‘शाव्ह’वरून आली आणि तो शब्द लॅटिन ‘क्लाव्हिस’वरून. याच क्लाव्हिसपासून इंग्रजीतील क्लॅव्हिकल, म्हणजे किल्लीच्या आकाराचे गळ्याजवळचे हाड, आणि कॉन्क्लेव्ह, म्हणजे किल्लीने बंद केलेली खोली, हे शब्द आले. मे २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांची निवड झाली तेव्हा कॉन्क्लेव्ह हा शब्द सर्वांच्या तोंडी होता. तो आपल्या दाराच्या चावीचा नातलग आहे, हे किती मुलांना कोणी सांगितले असेल? नाताळ आणि इंग्रजी नेटल, नेटिव्हिटी एकाच कुळीचे. मिस्सा आणि मिशन, डिसमिस हे एकाच घरचे. इगर्जी आणि एक्लिझिअॅस्टिकल हे शब्द ‘एक्लेसिया’ या एकाच मुळाचे, जरी चेहऱ्यावरून ओळख पटत नसली तरी. पाव हा लॅटिन ‘पानिस’चा वंशज; आणि कंपॅनियन म्हणजे मुळात ज्याच्याबरोबर आपण भाकरी वाटून खातो तो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी (१९६२–६५) ज्यांनी लॅटिन मिस्सा ऐकली त्या वडीलधाऱ्यांना ‘क्रेडो’ आणि ‘मेआ कुल्पा’ मुखोद्गत होते. क्रेडिबल, क्रेडिट, कल्पेबल या शब्दांची अर्धी वाट ते नकळत चालून गेले होते. आजी इंग्रजी शाळेत गेली नसेल, पण नातवाच्या इंग्रजीचे निम्मे धातू तिच्या प्रार्थनापुस्तकात होते.

येथपर्यंत आमचा लुईस यांच्याशी वाद नाही. वाद आहे तो त्यांनी निवडलेल्या शब्दांविषयी. पुस्तकाची प्रकरणे चाळावीत: माणसांचे स्वभाव, डॉक्टरांचे प्रकार, खोटे बोलणाऱ्यांचे प्रकार, शत्रूचा अपमान कसा करावा, मित्राची स्तुती कशी करावी. मिसअँथ्रोप, इगोटिस्ट, मार्टिनेट, सिकोफंट. या शब्दांनी माणसाच्या कपाळावर चिठ्ठी चिकटविता येते, परंतु त्याच्याशी चार शब्द बोलता येत नाहीत. क्रियापदांचे एक प्रकरण आहे, पण तेही डिस्पॅरेज, प्लॅकेट, कंडोन अशा बहुतांशी लॅटिन वंशाच्या भारदस्त मंडळींचे. शब्द कोणाच्या संगतीत बसतो, कोठे बोलावा आणि कोठे बोलू नये, याची जाण त्यांतून पुरेशी येत नाही. परिणाम आपल्या अर्जांत आणि सत्कारसमारंभांतील भाषणांत दिसतो. सत्कारमूर्ती ‘इनडिफॅटिगेबल’ असतात, ‘मॅग्नॅनिमस’ असतात, आणि त्यांनी नेमके काय केले ते शेवटपर्यंत समजत नाही.

डॉक्टरांविषयीचे प्रकरण याचा उत्तम नमुना आहे. त्यात त्वचेचा, डोळ्यांचा, हृदयाचा, मज्जातंतूंचा डॉक्टर कोण, हे सांगितले आहे. पण डॉक्टरासमोर बसल्यावर काय बोलावयाचे? आपल्या पॅरिशमधील कितीतरी मुली परिचारिका होऊन परदेशी गेल्या आहेत आणि कितीतरी वृद्ध आईवडील त्यांच्याकडे जाऊन तेथील इस्पितळांत बसले आहेत. तेथे डर्मॅटॉलॉजिस्ट हा शब्द दारावरच्या पाटीवर असतोच. नसतो तो दुखण्याचा शब्द. मराठीत आपल्याजवळ ठणका आहे, कळ आहे, चमक आहे, ठसठस आहे, जळजळ आहे, सल आहे. आणि इंग्रजीत आपण या सर्वांवर ‘पेन’ हे एकच पांघरूण घालतो.

कॅनडातील मॅक्गिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदना मोजण्यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात ७८ शब्द २० गटांत मांडलेले आहेत. थ्रॉबिंग म्हणजे आपली ठसठस किंवा ठणका, शूटिंग आणि स्टॅबिंग म्हणजे चमक, बर्निंग म्हणजे आग, नॉइंग म्हणजे आतून कुरतडणारे दुखणे. रुग्णाने निवडलेल्या शब्दांवरून दुखण्याचे स्वरूप जाणून घेण्याची ही सोय आहे. शब्दसंपत्तीचे पुस्तक म्हणून ती कोणी विकत घेत नाही; परंतु ‘एक्स्प्रेसिव्ह’ म्हणजे बोलके शब्द कशाला म्हणावे, याचा इतका चोख धडा आम्हांला अन्यत्र आढळला नाही. त्यात एकही शब्द ऐकणाऱ्याला दिपविण्यासाठी नाही.

इंग्रजीची खरी दौलत अशा आखूड, गावठी शब्दांत आहे. मराठी माणूस झपझप चालतो, रमतगमत चालतो, पाय ओढत चालतो. क्रियापद एकच, रंग भरतो तो क्रियाविशेषणाने. इंग्रजी तो रंग क्रियापदातच कालविते: स्ट्राइड, स्ट्रोल, शफल. म्हणून मराठीतून इंग्रजीत लिहिणारा ‘वॉक’पाशी अडखळतो आणि मागे ‘व्हेरी’ची शेपटी जोडतो. प्रकाशाची गोष्ट मात्र वेगळी. तेथे आपणही श्रीमंत आहोत. दिवा मिणमिणतो, तारा लुकलुकतो, सोने लखलखते, आरास झगमगते. ग्लिमर, ट्विंकल, ग्लिटर हे शब्द या मुलाला नवे शिकवावे लागत नाहीत, फक्त जोडून द्यावे लागतात. ग्लिमर, ग्लिटर, ग्लीम, ग्लो, ग्लिंट या सर्वांच्या तोंडी एकच ‘ग्ल’ आहे, हे त्याच्या कानाला आपोआप जाणवते.

असा कान असलेला एक कवी आपल्याच परंपरेत होऊन गेला. जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स (१८४४–१८८९) यांनी ऑक्सफर्डला शिकत असताना १८६३ च्या सुमारास आपल्या डायरीत शब्दांची कुटुंबे मांडावयास सुरुवात केली. ग्राइंड आणि ग्रिट यांसारखे समान ध्वनींचे शब्द शेजारी बसवून त्यांच्या मुळाशी एकच कल्पना आहे काय, याचा ते शोध घेत. हॉर्न या शब्दावरून ते क्राउन आणि क्रेन पक्ष्यापर्यंत पोहोचले. त्यांच्या साऱ्या व्युत्पत्ती आजच्या भाषाशास्त्राला मान्य होणार नाहीत. पण धातू पाठ करणारा विद्यार्थी आणि शब्द कानाशी धरून वाजवून पाहणारा विद्यार्थी यांतील अंतर त्या पानांवर स्पष्ट दिसते. १८६६ मध्ये ते कॅथोलिक झाले, १८६८ मध्ये येशूसंघात दाखल झाले, आणि तेथेही ही सवय सुटली नाही. संघातील धर्मबंधूंच्या तोंडचे बोलीतले शब्द, शेतातल्या अवजारांची नावे ते टिपून ठेवीत. पुढे डब्लिनमध्ये असताना जोसेफ राइट यांच्या इंग्रजी बोलींच्या कोशासाठी त्यांनी आयरिश शब्द पाठविले. हा कोश १८९८ ते १९०५ या काळात सहा खंडांत निघाला, तेव्हा हॉपकिन्स हयात नव्हते. त्यांच्या कविताही मित्र रॉबर्ट ब्रिजेस यांनी १९१८ साली प्रकाशात आणल्या.

लुईस यांचे पुस्तक घरात असेल तर ते काढून टाकावे, असे आम्ही म्हणणार नाही. त्यातील धातूंची पाने जरूर वाचावीत. फक्त डॉक्टरांच्या प्रकरणाच्या समासात मुलाने आजीला विचारून ठणका, कळ, चमक, ठसठस हे शब्द पेन्सिलीने लिहावेत आणि प्रत्येकासमोर त्याचा इंग्रजी सोबती शोधावा. ‘कळ’पाशी तो बराच वेळ अडेल.