'सोझाबॉय'ची भाषा आणि बियाफ्राचे युद्ध

केन सारो-विवा यांची 'सोझाबॉय' ही कादंबरी १९८५ साली प्रसिद्ध झाली. 'रॉटन इंग्लिश', म्हणजे सडक्या इंग्रजीतील कादंबरी, असे तिचे उपशीर्षक आहे. नायजेरियातील पिजिन, मोडकीतोडकी इंग्रजी आणि मधूनच चमकून जाणारी शुद्ध इंग्रजी यांचे हे मिश्रण होय, असा खुलासा लेखकाने प्रारंभीच केला आहे. त्यामुळे हिला बोलीभाषेतील कादंबरी मानण्याचा मोह होतो. परंतु ही भाषा कोणत्याही समाजाची बोली नाही. कथेतील दुकाना हे खेडे लेखकाच्या ओगोनी प्रदेशावर बेतलेले आहे, आणि तेथील माणसे घरी आपली ओगोनी भाषाच बोलणार. अर्थात ही भाषा हेतुपुरस्सर घडविलेली आहे. तो हेतू कोणता, हे पाहावयाचे आहे.

३० मे १९६७ रोजी ओजुक्वू यांनी नायजेरियाचा पूर्व प्रदेश 'बियाफ्रा' या नावाने स्वतंत्र झाल्याचे घोषित केले. १५ जानेवारी १९७० रोजी ते राज्य शरण गेले. तेथे इग्बो बहुसंख्य होते, तथापि तेलाच्या अनेक विहिरी ओगोनी, इजॉ इत्यादी लहान समाजांच्या भूमीत होत्या. इजॉंपैकी आयझॅक बोरो याने तर फेब्रुवारी १९६६ मध्येच नायजर डेल्टाचे स्वतंत्र प्रजासत्ताक पुकारून बारा दिवस सशस्त्र लढा दिला होता. पुढे तोच बियाफ्राविरुद्ध संघराज्याच्या सैन्यात लढला. फुटून निघणे हा शब्द एकच, पण तो कोणी उच्चारला यावर त्याचा अर्थ अवलंबून!

निवेदक मेने याच्या वाक्यरचनेत ही अवस्था उतरली आहे. कादंबरीचे पहिलेच वाक्य 'जरी'ने सुरू होते. त्याला 'तरी' मिळतच नाही. मराठी वाचकास ही उणीव विशेष जाणवावी, कारण आपल्याकडे ही जोडी सहसा फुटत नाही. कार्यकारणाचा सांधा निखळलेले हे वाक्य युद्धाला सामोऱ्या जाणाऱ्या खेड्याचे आहे. मेने सैन्यात शिरतो तो गणवेशाच्या आणि ॲग्नेसच्या ओढीने. अधिकाऱ्यांचे भारदस्त व्याकरण त्याच्या कानांवरून जाते. 'शत्रू' हा शब्द वारंवार येतो, पण त्याचा निर्देश कोणाकडे आहे ते त्याला उमगत नाही. मॅनमस्वाक हे पात्र दोन्ही सैन्यांत आढळते, आणि त्याच्या नावाचा अर्थ 'माणसाने खाल्लेच पाहिजे' असा आहे. नाव हेच येथे भाष्य ठरते.

दोष नाहीत असे नव्हे. शुद्ध इंग्रजीची चमक काही स्थळी मेनेची न वाटता लेखकाची वाटते. शिवाय शेवटी जोडलेली शब्दार्थसूची हा प्रपंच दुकानाबाहेरील वाचकासाठी असल्याचे उघड करते.

युद्धकाळात सारो-विवा संघराज्याच्या बाजूने बॉनी येथे प्रशासक होते. 'ऑन अ डार्कलिंग प्लेन' (१९८९) या प्रमाण इंग्रजीतील आठवणींत त्यांनी ती बाजू निःसंदिग्धपणे मांडली. मेनेच्या भाषेत मात्र बाजू घेणे त्यांना साधलेले नाही. तेथे दोन्ही सैन्ये सारखीच घातक आहेत. ज्या संघराज्याची बाजू त्यांनी घेतली, त्याच्याच लष्करी राजवटीने १० नोव्हेंबर १९९५ रोजी पोर्ट हारकोर्ट येथे त्यांना आठ ओगोनी सहकाऱ्यांसह फाशी दिले.