कांचनजंगा : उंच इमारतीतील उजेडाचा विचार

उंच इमारतीत दिवसाचा उजेड आणावयाचा म्हणजे काचा वाढवावयाच्या, अशी समजूत रूढ आहे. चार्ल्स कोरिया यांची मुंबईतील ‘कांचनजंगा’ (१९७०–८३) ही इमारत या समजुतीस चोख उत्तर देते. तथापि तिचे यश कोणत्या अटीवर उभे आहे, हेही तपासले पाहिजे.

२१ मीटर चौरस बैठकीवर सुमारे ८४ मीटर उंच उभ्या असलेल्या या इमारतीच्या २८ मजल्यांत ३२ घरे आहेत. मुंबईत समुद्रावरचा वारा पश्चिमेकडून लाभतो. पण मावळतीचे ऊन व पावसाचा माराही तिकडूनच येतो. जुन्या बंगल्यांनी हा पेच भोवतालच्या व्हरांड्याने सोडविला होता. कोरियांनी तोच व्हरांडा कोपऱ्यांतील दुमजली उंचीच्या गच्च्यांच्या रूपाने वर चढविला.

या योजनेचे मर्म असे : खिडकीतून येणारा उजेड आत झपाट्याने क्षीण होतो, खिडकीच्या माथ्याच्या उंचीच्या साधारण दुप्पट ते अडीचपट अंतरापलीकडे तो फारसा उपयोगी पडत नाही. म्हणजे उजेडाच्या खोलीस खिडकीच्या रुंदीपेक्षा तिची उंची अधिक कारणीभूत असते. दुमजली गच्ची प्रखर ऊन बाहेरच अडविते, परंतु तिच्या उंच मोकळीतून आकाश दिसत राहते. जमिनीवरून व भिंतींवरून परावर्तित झालेला सौम्य उजेड आत पोहोचतो. उघड्या काचेपाशी डोळे दिपावेत आणि मागे काळोख वाटावा, हा विरोध येथे निवळतो. सावलीपोटी उजेडाची एकूण मात्रा घटते, हे खरे. पण त्याची वाटणी सुधारते.

मात्र समोर मोकळे आकाश आहे, हे या योजनेचे गृहीतकृत्य होय. ते नसेल तर गच्ची कितीही उंच असो, तिच्यात उजेड यावयाचा कोठून? त्याच मुंबईत, गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतीत इमारतींमधील अंतर अवघे सुमारे ३ मीटर आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा वसाहतींतील उजेड व वारा यांच्या अभावाशी क्षयरोगाचा संबंध आढळून आला. न्यूयॉर्कने तर १९१६ मध्येच, गगनचुंबी इमारतींनी रस्ते झाकोळू लागताच, वरचे मजले मागे सारण्याचा नियम केला होता.

‘कांचनजंगा’ ही एका इमारतीतील उजेडाची उत्तम वाटणी आहे. इमारती-इमारतींमधील वाटणी हा तिच्या कक्षेबाहेरचा प्रश्न. तो नियमांनीच सोडवावयाचा असतो, आणि तो सुटल्यावाचून वास्तुकाराचे कौशल्य मूठभरांच्याच घरात उजेड पाडील.