शिळेवरची रेषा

शिळाछाप म्हटलें कीं महाराष्ट्रीय वाचकाच्या डोळ्यांपुढें देवघरांतील लक्ष्मी-सरस्वतीची तसबीर उभी राहते. १८९४ सालीं राजा रविवर्मा यांनीं मुंबईस छापखाना काढला, पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि तेथून निघालेल्या चित्रांनीं आपल्या घरांच्या भिंती सजविल्या. त्या छापखान्याचें ऋण मोठें आहे. परंतु मूळ चित्र तें तैलरंगांतलें आणि शिळेवरून निघते ती त्याची स्वस्त नक्कल, हा ग्रहही त्यानेंच आपल्या मनांत रुजविला. आर्. एम्. पळनियप्पन यांचीं शिळाचित्रें पाहतांना तो प्रथम आड येतो.

पळनियप्पन यांचा जन्म १९५७ सालचा, तमिळनाडूंतील देवकोट्टै येथला. मद्रासच्या सरकारी कलाशाळेंत शिकून १९९१ मध्यें ते शिळामुद्रणाच्या उच्च अभ्यासासाठीं अमेरिकेंतील टॅमरिंड संस्थेंत गेले. लुप्त होऊं घातलेली ही विद्या जगविण्याकरितांच जून वेन या चित्रकर्त्रीनें १९६० मध्यें ती संस्था काढली होती.

घोटलेल्या चुनखडी शिळेवर स्निग्ध खडूनें चित्र काढावयाचें, मग डिंक व आम्ल यांचा हात द्यावयाचा. शिळा ओली केली कीं कोरी जागा पाणी धरते आणि चितारलेली जागा पाणी झिडकारून शाई घेते. येथें कोरणें नाहीं. तांब्याच्या पत्र्यावर खोदणाऱ्याचा हात पत्र्याशीं झुंजतो. शिळेवर तो मोकळा चालतो, आणि त्याचा दाब, त्याची घाई, त्याचें थबकणें सारें जसेंच्या तसें उमटतें. पळनियप्पन यांनीं नेमका हाच गुण हेरला. त्यांची रेषा कोणत्याही वस्तूची कड काढीत नाहीं. ती निघते, वळते, स्वतःलाच ओलांडून जाते, आणि तिच्याभोंवतीं कागद रिता राहतो. उड्डाणाचें त्यांना जुनें वेड. विमान दिसेनासें झाल्यावर आकाशांत जें राहतें, तेवढेंच येथें आहे.

एका प्रदर्शनांत शेजारच्या गृहस्थांनीं मला विचारलें, "हें कशाचें चित्र?" मीं ऐटींत म्हणालों, "प्रवासाचें." "मग गांव कोठें आहे?" मला उत्तर सुचलें नाहीं, आणि प्रश्न वेडगळ होता असेंही मला आज वाटत नाहीं. पळनियप्पन यांच्या कांहीं पूर्वीच्या मुद्राचित्रांत अंक, खुणा, दप्तरी कागदासारखे लेख येतात. त्यांनीं चित्राला गूढपणा येतो खरा. पण कित्येकदां तो कुलूप लावल्याचा गूढपणा असतो, आणि किल्ली आपणांस कोणी देत नाहीं. निव्वळ रेषेचीं चित्रें मला अधिक प्रामाणिक वाटतात. तेथें लपविलेलें कांहीं नाहीं, फक्त रेषेमागून सावकाश जाण्याची तयारी हवी.

आतां नकलेची गोष्ट. ठरलेल्या प्रती निघाल्या कीं शिळा घासून दुसऱ्या चित्रासाठीं कोरी करतात. म्हणजे मूळ असें कोठें उरतच नाहीं. प्रत्येक प्रत हेंच मूळ. शिवाय शिळेवरचें चित्र कागदावर उलटें उतरतें. जी रेषा आपणांस डावीकडून उजवीकडे धांवतांना दिसते, ती हातानें उजवीकडून डावीकडे नेलेली असावी. हें ध्यानांत आल्यावर मीं त्या प्रदर्शनांत पुन्हां गेलों आणि तीच रेषा उलट्या बाजूनें वाचून पाहिली. मला जी चढण वाटली होती, ती उतरण निघाली.