जुन्या डोळ्याचे कलम

संत्र्याचे मोल आमच्याकडे फळावरून होते. कलम कोणी बांधले, पट्टी किती घट्ट होती, खुंट जंबेरीचा होता की आणखी कशाचा, हे प्रश्न रोपवाटिकेत विचारावेत. फोड तोंडात टाकली की त्यांचा निकाल आपोआप लागतो. ज्या शेंदूरजनाघाटची ओळखच संत्र्याच्या कलमांवर उभी आहे, तिथे हे शहाणपण कोणाला शिकवावे लागत नाही. पण छायाचित्रांचा विषय निघाला की याच गावात उलटा न्याय सुरू होतो. फळ बाजूला राहते आणि सगळे सांध्याचे कौतुक करू लागतात.

हे म्हणण्याला निमित्त झाले माझ्या पुतण्याच्या बारा छायाचित्रांचे. घरातल्या एका जुन्या, घडीच्या कॅमेऱ्याचे भिंग काढून त्याने ते आपल्या नव्या डिजिटल कॅमेऱ्याला बसवले आणि गावाची चित्रे घेतली. ती मोठी छापून आणून त्याने बैठकीत लावली, तेव्हा येणारा प्रत्येक जण एकच विचारी : 'हे बसवलं कसं?' चित्रात काय आहे, हे विचारणारा फार थोडा. हा छंद आमच्याच घरचा आहे असेही नाही. जगभरची हौशी मंडळी आजोबा-पणजोबांचे कॅमेरे उकलून त्यांतली भिंगे नव्या यंत्रांना जोडीत आहेत. तेव्हा या जोडकामातून निपजणाऱ्या चित्रांचे मोल कसे करावे, याचा विचार करायला हरकत नाही.

घडीचा कॅमेरा म्हणजे काय, ते आधी घरातल्या मुलांसाठी सांगतो. बंद असताना तो जाडजूड पाकिटासारखा दिसे. कळ दाबली की झाकण उघडे, आणि पेटीच्या भात्यासारखा काळा भाता पुढे घेऊन भिंग बाहेर येई. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात कितीतरी सुखवस्तू घरांत तो असे. आमचा कॅमेरा जर्मन बनावटीचा, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा. एका फिल्मवर सहा बाय नऊ सेंटिमीटरची आठ चित्रे तो घेई. त्याचे भिंग १०५ मिलिमीटरचे. म्हणजे दूरचा डोंगर स्पष्ट दिसायचा, तर भिंग फिल्मपासून सुमारे तेवढ्या अंतरावर हवे. जोडकामाचे सारे गणित या एका आकड्यात आहे.

पूर्वीच्या एकभिंगी कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा असे. त्याच्यासाठी पंचेचाळीस मिलिमीटरच्या आसपास जागा सोडावी लागे. आरसा काढून टाकलेले डिजिटल कॅमेरे २००८ सालापासून बाजारात येऊ लागले, आणि २०१३ साली सोनीने ३५ मिलिमीटर फिल्मच्या पूर्ण चौकटीएवढा सेन्सर असलेला असा कॅमेरा काढला. त्यात भिंग अडकवण्याच्या कड्यापासून सेन्सरपर्यंत अंतर अवघे १८ मिलिमीटर. उरले ८७. तेवढे अंतर नळीने भरून काढायचे. त्या नळीचा एक भाग आट्यांचा ठेवायचा, म्हणजे ती फिरवून भिंग थोडे मागेपुढे सरकवता येते. भिंगाबरोबरचे जुने शटर उघडेच ठेवायचे आणि वेळेचा हिशेब नव्या कॅमेऱ्यावर सोपवायचा. झाले कलम! खुंट नवा, डोळा जुना. आमच्या रोपवाटिकेत कळीला डोळा म्हणतात, आणि कॅमेऱ्याचा डोळा म्हणजे भिंग. भाषेनेच ही उपमा आधी करून ठेवली आहे. मी फक्त उचलली.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. या जुन्या डोळ्याने नवे असे काय दिसते? भोक्ते म्हणतात, चित्राला 'जुनेपणा' येतो. मला वाटते, तपासायला हवा तो हाच शब्द.

काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. तीन काचांच्या भिंगात असे सहा पृष्ठभाग. म्हणजे वीस टक्क्यांहून अधिक प्रकाश वाटेतच गळतो, आणि त्यातला काही आतल्या आत आपटत चित्रावर पातळ पांढरा पदर पसरतो. हा परतणारा प्रकाश रोखणारा लेप झाइसच्या स्माकुला यांनी १९३५ साली शोधला. तो सर्रास वापरात यायला महायुद्ध संपावे लागले. आमच्या भिंगावर तो नाही. शिवाय काचेवर ओरखडे आहेत, कडेला थोडी बुरशी आहे. सूर्य समोर आला की चित्र धुरकटते, काळा रंग राखाडी होतो. 'जुनेपणा' म्हणून ज्याची वाखाणणी होते, तो बहुतांशी हा पदर.

आणखी एक गोष्ट भोक्ते विसरतात. सहा बाय नऊच्या मोठ्या चौकटीसाठी घडलेल्या या भिंगाचा फक्त मधला भाग नव्या सेन्सरवर पडतो. क्षेत्रफळाने पाहिले तर पाचव्या हिश्शाहूनही कमी. भिंगाचा मूळ स्वभाव कडांना अधिक उघडा पडतो : तिथे रेषा सैल होतात, उजेड मंदावतो. ते सारे चौकटीबाहेर राहते, आणि हाती येतो तो भिंगाचा सर्वांत चोख तुकडा. म्हणजे स्वच्छ काच, सूर्य पाठीशी आणि छिद्र बारीक ठेवले, तर हे भिंग चांगले नीटस चित्र देते. आजोबांच्या पिढीने तसेच घेतले. त्यांच्या संग्रहातले छापील फोटो पाहा. मावशीच्या लुगड्याचे काठ मोजून घ्यावेत इतके स्पष्ट आहेत. ती माणसे धुक्यात राहत नव्हती. धुके आपण त्यांच्यावर पांघरले आहे.

या कसोटीवर पुतण्याची चित्रे लावून पाहू.

पहिले सातपुड्याचे. संध्याकाळ, डोंगरांच्या एकामागे एक निळसर रांगा, खाली बागा. चित्र गोड आहे. पण असे गोड चित्र कोणत्याही डोंगराचे निघते. याला सातपुडाच हवा होता असे वाटत नाही. भिंगाने भेद पुसला आणि चित्रकाराने तो पुसू दिला.

दुसरे आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचे. तपकिरी छटा, चेहऱ्याभोवती विरघळलेला उजेड, डोळे कुठेतरी पलीकडे लागलेले. सर्वांना हेच चित्र आवडले. फक्त ज्यांचे ते चित्र, त्यांना आवडले नाही. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, 'पोट्ट्या, जित्तेपनीच हाराचा फोटू काहाडला का रे माहा?' या एका वाक्यात पानभर समीक्षा आहे. जिवंत माणसाला स्मरणात ढकलण्याचा अधिकार कलावंताला कोणी दिला? हा माणूस आजही पहाटे बागेत जातो, मोटारीच्या बिलावरून भांडतो, नातवाच्या मोबाईलवर भाव पाहतो. त्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आजच्या आहेत. त्या मऊ केल्या की त्याचे आजचे म्हणणेही मऊ होते.

तिसऱ्या चित्राने मी अस्वस्थ झालो. वाळलेली संत्र्याची बाग. वरूड तालुक्यात पाणी किती खोल गेले आहे हे इथल्या कोणाला सांगायला नको. बोअर आटली की आठ-दहा वर्षे पोसलेले झाड एका उन्हाळ्यात काटक्या होऊन उभे राहते आणि मग कुऱ्हाडीवर जाते. चित्रात त्या काटक्यांवर मावळतीचा सोनेरी उजेड ओघळतो आहे, आणि भिंगाच्या पदराने सारे दुःख रेशमी झाले आहे. कॅलेंडरवर छापावे असे चित्र. पण ज्याची ती बाग, त्याच्या भिंतीवर ते कॅलेंडर आपण लावू का? दुःखाचे चित्र सुंदर असू नये असे मी म्हणत नाही. सौंदर्याने दुःख अधिक स्पष्ट व्हावे, एवढेच म्हणतो. इथे ते झाकले गेले.

मग हे कलम वायाच गेले काय? नाही, आणि तसे ठरवण्याच्या आड याच पुतण्याचे सातवे चित्र येते.

थंडीतली सकाळ, रोपवाटिका. एक माणूस उकिडवा बसून जंबेरीच्या खुंटाच्या सालीत डोळा भरतो आहे. त्याच्या शेजारची बाई प्लॅस्टिकची पट्टी ताणून धरते आहे. सूर्य त्यांच्या मागून, खालून येतो. भिंगात तो थेट शिरला आहे आणि तो पांढरा पदर चित्रभर उठला आहे. पण चार हात चौकटीच्या मध्यावर आहेत आणि तिथे भिंग चोख आहे. बोटांवरचा चीक, चाकूचे पाते, सालीची इंग्रजी टी अक्षरासारखी चीर, सारे दिसते. भोवतीचे शेकडो खुंट उजेडात बुडाले आहेत. या दोघांना काम करताना जे दिसते आणि जे दिसत नाही, त्याचेच हे चित्र आहे. मधला चोखपणा आणि भोवतीची सैल चमक या दोन्हींना इथे काम मिळाले. हे चित्र नव्या भिंगाने असे निघाले नसते, आणि पाहताना जुन्या भिंगाची आठवणही होत नाही. माझ्या मते कलम लागले, ते इथे.

या वाटेने गेलेल्या एका मोठ्या कलावंताचे उदाहरण देतो. जपानचे शोजी उएदा (१९१३ ते २०००) साकाइमिनातो या समुद्रकाठच्या गावात जन्मले आणि तोत्तोरीच्या वाळूच्या टेकड्यांवरील चित्रांनी जगभर गाजले. १९८१ साली त्यांनी 'शिरोइ काझे', म्हणजे 'पांढरा वारा', हे पुस्तक काढले. त्यासाठी त्यांनी वापरले कोडॅकच्या 'व्हेस्ट पॉकेट' या घडीच्या कॅमेऱ्याचे भिंग, नव्या काळच्या कॅमेऱ्याला जोडून. १९१२ ते १९२६ या काळात निघालेला हा इवला कॅमेरा पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या खिशात असे. १९२४ साली मॅलरी आणि अर्विन एव्हरेस्टवर गेले तेव्हा त्यांच्याकडेही असा एक होता असे मानतात. मॅलरीचा देह १९९९ साली सापडला, त्याच्याजवळ कॅमेरा नव्हता.

त्याच्या साध्या प्रतीत दोन काचा चिकटवलेले एकच भिंग असे, आणि पुढे बारीक छिद्राची टोपी. भिंगाच्या कडेकडून येणारे किरण मधल्या किरणांशी एका जागी मिळत नाहीत, म्हणून कारखान्याने ती कड टोपीखाली झाकली होती. जपानी हौशी मंडळींनी टोपीच काढून टाकली. झाकलेली कड उघडी झाली आणि स्पष्ट रेषेवर प्रकाशाची साय धरली. उएदांचे मोठेपण टोपी काढण्यात नाही. ती युक्ती कितीतरी जणांना ठाऊक होती. आयुष्यभर पाहिलेल्या आपल्याच मुलखाचा उजेड त्यांना इतका ओळखीचा होता, की कोणत्या उजेडाला ही साय शोभेल हे त्यांनी जाणले. दोष आधी सापडला नाही. आधी दृष्टी होती, मग तिला साजेसा दोष निवडला.

आपल्याकडचाही एक दाखला या संदर्भात आठवतो. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने १९१८ च्या सुमारास चलच्चित्रांचा कॅमेरा स्वतः घडवला. त्या काळी ही गोष्ट केवढी थोर! पण यंत्राच्या कौतुकात ते अडकून पडले नाहीत. १९२० साली 'सैरंध्री' आला, १९२५ साली 'सावकारी पाश' आला. त्यात जमीन गमावणारा तरुण शेतकरी शांतारामांनी उभा केला. कॅमेरा घरी घडवणारा हा माणूस आज मराठी मनात आहे तो दाखवलेल्या चित्रांमुळे. यंत्राची गोष्ट आपण त्यानंतर सांगतो.

एका जागी माझी उपमा तुटते, आणि ती तुटते हे सांगणे आवश्यक आहे. मातृवृक्षावरून डोळकाडी कापली तर झाड मरत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा डोळे देते. कॅमेऱ्याचे भिंग काढले, की मागे राहतो तो आंधळा भाता. पुष्कळ घडीचे कॅमेरे अजून चालू स्थितीत आहेत, आणि त्यांना लागणारी १२० क्रमांकाची फिल्म आजही निघते. चालता कॅमेरा केवळ हौसेपोटी उकलणे मला बहराला आलेले झाड तोडण्यासारखे वाटते. आमच्या कॅमेऱ्याचा भाता कुरतडलेला होता, शटर तेल गोठून बसले होते. त्याचा डोळा तेवढा वाचला, हे चांगलेच झाले.

पुतण्याला मी एवढेच सांगितले : बारांपैकी एक ठेव. त्याला वाईट वाटले असावे. दोन दिवस तो फारसा बोलला नाही. मग त्याने अकरा चित्रे उतरवली, भिंग मऊ कापडाने पुसले आणि त्यावर काळ्या पुठ्ठ्याची सावली बसवली, म्हणजे आडवा उजेड आत शिरणार नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सूर्य पाठीशी घेऊन, तो शेजारच्या आजोबांकडे पुन्हा गेला. त्या चित्रात त्यांच्या टोपीचा मळ दिसतो, दाढीचे खुंट दिसतात, आणि ते सरळ आपल्याकडे पाहत आहेत. त्याच भिंगाने घेतलेले आहे, पण सांगितल्याशिवाय कोणाला कळणार नाही. आजोबांनी त्याची एक प्रत मागून नेली.